परत फिरणारा वैमानिक आपल्याला का आवडत नाही?

७ ऑगस्ट २०२० ला, संध्याकाळी सात चाळीसच्या सुमारास, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान केरळातल्या कोझिकोडच्या करीपूर विमानतळावर उतरलं आणि धावपट्टीवर थांबलंच नाही. टोकाची मोकळी जागा ओलांडून, कुंपण तोडून ते खाली कोसळलं आणि त्याचे तुकडे झाले. विमानात १९० जण होते. कोविडच्या काळात परदेशात अडकलेली माणसं 'वंदे भारत' मोहिमेतून घरी चालली होती. कोणाची नोकरी गेलेली, कोणाच्या मांडीवर तान्हं मूल. २१ जण गेले, १९ प्रवासी आणि दोन्ही वैमानिक.

कॅप्टन होते दीपक साठे. मराठी माणूस, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, चाचणी वैमानिक राहिलेले, दहा हजार तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आपल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला होता. आठवतो का बघा. 'कॅप्टननी विमानाला घिरट्या घालून मुद्दाम इंधन संपवलं, शेवटच्या क्षणी इंजिन बंद केलं, म्हणून आग लागली नाही आणि दीडशेवर लोक वाचले.' आपण तो मेसेज हात जोडून पुढे पाठवला. दुःखात असलेल्या समाजाला हिरो लागतो, त्यात वावगं काही नाही.

पण मग सप्टेंबर २०२१ मध्ये अपघात तपास विभागाचा, म्हणजे एएआयबीचा, अहवाल आला. तो मात्र फारसा कोणी पुढे पाठवला नाही. इंग्रजी, लांबलचक आणि हिरो नसलेला कागद कोण वाचणार?

अहवाल सांगतो की दोन्ही पंखांच्या टाक्यांमधून इंधन गळत होतं. म्हणजे टाक्यांत इंधन होतं. आग लागली नाही हे नशीब. आणि तो हेही सांगतो की विमान दुसऱ्या विमानतळावर नेण्याइतकं इंधन शिल्लक होतं. मला त्या अहवालातली सगळ्यात जड गोष्ट हीच वाटते. परत फिरता येत होतं.

आता लगेच कोणी तरी लिहील, 'गेलेल्या माणसावर चिखलफेक कशाला?' थांबा. साठे यांना खलनायक ठरवायला मी बसलेलो नाही. हिरो किंवा खलनायक, या दोनच खुर्च्या आपण ठेवतो आणि म्हणूनच अपघातातून काही शिकत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. हे पटतं का, ते घटनाक्रम बघून ठरवा.

करीपूरची धावपट्टी टेकडी सपाट करून बांधलेली आहे. त्याला टेबलटॉप म्हणतात. टेबलाच्या कडेला ठेवलेला पेला जसा, तसं तिथलं विमान. कडेपलीकडे शेत नाही, माळ नाही, सरळ उतार.

त्या संध्याकाळी पाऊस होता, अंधार पडलेला, आणि वारा पश्चिमेकडून. विमानाने पहिला प्रयत्न पश्चिमेकडे तोंड करून केला, म्हणजे वाऱ्याला सामोरं जाऊन. तेच बरोबर असतं. पण पावसात कॅप्टनच्या बाजूचा वायपर सत्तावीस सेकंद चालला आणि बंद पडला. समोर नीट दिसेना, म्हणून ते उतरले नाहीत, पुन्हा वर गेले. हा निर्णय शंभर टक्के योग्य होता. त्या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण खरं कौतुक त्याचंच करायला हवं.

दरम्यान दुसऱ्या एका विमानाच्या उड्डाणासाठी धावपट्टीची दिशा बदलली होती. टॉवरने विचारलं की उलट बाजूने, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून, उतरणार का? वैमानिकांनी होकार दिला. आता वारा पाठीमागून येणार होता. टॉवरने वारा आठ नॉट सांगितला, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास. पावसाळी ढगांखालचा वारा मात्र सांगितल्याप्रमाणे वागत नाही, तो झोताने येतो आणि मिनिटाला बदलतो. चाकं टेकली तेव्हा मागून येणारा वारा १४ नॉट होता.

वारा मागून असला तर काय एवढं, असं वाटेल. खाडीत होडी घालणाऱ्याला विचारा, तो सांगेल. पंखांना तरंगायला ठराविक हवा लागते, ती कमी करता येत नाही. वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग कमी होतो, मागून असेल तर तेवढाच वाढतो. त्या रात्री जमिनीवरचा वेग होता १६५ नॉट, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या वर. वारा शांत असता तर तोच १५१ झाला असता. फरक चौदाचाच, पण ब्रेकना जी ताकद जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाने वाढते. हिशोब केला तर सुमारे वीस टक्के जास्त. तेही ओल्या धावपट्टीवर.

आणि एवढं असूनही, चाकं सुरुवातीच्या पट्ट्यात टेकली असती तर कदाचित निभावलं असतं. पण ऑटोपायलट सुटल्यावर विमान आधी फार वेगाने खाली आलं, मग सावरताना तरंगत पुढे गेलं. धावपट्टी ८,८५८ फुटांची. चाकं टेकली ४,४३८ फुटांवर. म्हणजे अर्धी धावपट्टी मागे पडलेली. टोकाला पोचलं तेव्हाही वेग ८४.५ नॉट होता, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. तिथून विमान सुमारे ११० फूट खाली गेलं.

आता या सगळ्यातली माझ्या मते मुख्य गोष्ट. कॉकपिटमध्ये दोन माणसं होती. सहवैमानिकाने, वयाने आणि अनुभवाने बऱ्याच लहान असलेल्या माणसाने, खाली येण्याचा वेग जास्त आहे म्हणून सावध केलं. मग विमान तरंगत पुढे जातंय हे बघून पुन्हा टोकलं. आणि चाकं टेकण्याच्या सुमारास म्हणाला, 'गो-अराउंड'. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. नियम असा की हा शब्द उच्चारला गेला की चर्चा नाही, विमान वर न्यायचं. कॅप्टनने नेलं नाही तर सहवैमानिकाने ताबा घेऊन न्यायचं. दोन्ही झालं नाही. अहवालाने अपघाताचं संभाव्य कारण म्हणून नेमकं हेच नोंदवलं आहे.

धाकट्याने सांगितलं, थोरल्याने ऐकलं नाही आणि धाकट्याने हात पुढे केला नाही. हे आपल्याला अनोळखी आहे का? घरात, ऑफिसात, पंचायतीत, दवाखान्यात आपण रोज हेच बघतो. साहेबांना कोण सांगणार, दादा बोलले म्हणजे झालं, तू कालचा आलेला. तीच हवा आपण कॉकपिटमध्ये घेऊन जातो. फरक एवढाच की तिथे चूक दुरुस्त करायला सात-आठ सेकंद मिळतात.

आणि हे काही पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. २२ मे २०१०, मंगळुरू. तीच कंपनी, दुबईहूनच आलेलं विमान, तशीच टेबलटॉप धावपट्टी. १६६ जणांपैकी १५८ गेले, आठ वाचले. तिथे वारा-पावसाचा प्रश्नच नव्हता. कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेला होता. सव्वादोन तासांहून कमी रेकॉर्डिंगमध्ये एक तास चाळीस मिनिटं. जागा झाल्यावर विमान फार उंचावरून आणलं गेलं आणि ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली सुमारे ५,२०० फुटांवर. सहवैमानिक तीन वेळा गो-अराउंड म्हणाला होता. तीन वेळा!

मंगळुरूच्या चौकशीचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे माजी उपप्रमुख, आपलेच मराठी अधिकारी. त्या अहवालात शिफारशींची मोठी यादी होती. यातून एक सुरक्षा सल्लागार समितीही नेमली गेली. त्या समितीवरचे कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी जून २०११ मध्ये लेखी कळवलं की करीपूरला पावसात, वारा पाठीमागून असताना, पूर्वेकडे जाणाऱ्या धावपट्टीवर उतरणं प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे. पुन्हा वाचा. पाऊस, मागून वारा, तीच धावपट्टी, तीच दिशा. पत्र २०११ चं आणि अपघात २०२०चा. मधली नऊ वर्षं ते पत्र कुठल्या फायलीत होतं?

म्हणून 'वैमानिकाची चूक' एवढं म्हणून फाईल बंद करणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही. अहवालही तिथे थांबलेला नाही. व्यवस्थेतल्या त्रुटींचा वाटा नजरेआड करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. कोझिकोडच्या तळावर सव्वीस सहवैमानिक आणि कॅप्टन फक्त एक, अशी कंपनीची रचना होती. साठे यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच दोहाचं विमान न्यायचं होतं. विमान दुसऱ्या शहरात उतरलं असतं तर ते उड्डाण अडलं असतं. अहवाल म्हणतो की कोझिकोडलाच उतरण्याच्या निश्चयामागे हे कारण असू शकतं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडचे कितीतरी लोक आले. डबल ड्युटी करणारा एसटीचा चालक. रात्रपाळी संपवून सकाळच्या पाळीला उभी राहिलेली नर्स. 'उद्या सकाळी तूच आहेस, दुसरं कोणी नाही' हे वाक्य ज्याला ऐकावं लागतं, त्याच्या आजच्या निर्णयात उद्याची सकाळ घुसतेच. कॅप्टनच्या खुर्चीत माणूस एकटा दिसतो, पण त्याच्या हातावर रोस्टर बनवणाऱ्याचा हात असतो.

तिसरी गोष्ट धावपट्टीच्या टोकाची. माणूस चुकणार, हे धरूनच टोकापलीकडे मोकळी सुरक्षित जागा ठेवायची असते. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रीसा' म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमाने किमान ९० मीटर, शिफारस २४० मीटरची. जिथे जागा नाही तिथे ठिसूळ सिमेंटच्या ठोकळ्यांचा पट्टा घालतात, चाकं त्यात रुततात आणि विमान थांबतं. मंगळुरूच्या चौकशीने अशा पट्ट्याची शिफारस केली होती. करीपूरला २०२० मध्ये तो नव्हता. अमेरिकेत बरबँकला २००० साली एक विमान धावपट्टी सोडून रस्त्यावर, पेट्रोल पंपाजवळ जाऊन थांबलं. नंतर त्यांनी हा पट्टा घातला. २०१८ मध्ये पावसात त्याच कंपनीचं दुसरं विमान तिथेच घसरलं, पट्ट्यात रुतलं आणि प्रवासी चालत बाहेर आले.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की असा पट्टा साधारण ७० नॉटपर्यंतच्या वेगासाठी बनवतात. करीपूरचं विमान ८४.५ ने गेलं. कदाचित पूर्ण थांबलं नसतं. पण खाली आदळतानाचा वेग कमी झाला असता, आणि वेग कमी म्हणजे काही माणसं जास्त वाचली असती. अपघातानंतर करीपूरला मोकळी जागा वाढवण्यासाठी जमीन घेण्याची प्रक्रिया सुरू झाली, त्यातही काही वर्षं गेली. आधी माणसं गेली, मग मोजणी आली. ही आपल्या देशाची जुनी पद्धत.

आता आपल्याकडे येऊ. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. तोही सड्यावर, अडीच हजार मीटरची धावपट्टी. तो धोकादायक आहे असं मी म्हणत नाही, उगाच कोणी तसा स्क्रीनशॉट फिरवू नये. मला बोलायचंय आपल्याबद्दल. पावसाळ्यात दिसत नाही म्हणून चिपीचं विमान रद्द झालं किंवा वरच्यावर परत गेलं की आपल्या ग्रुपवर काय सुरू होतं? 'एवढ्या जवळ इलो आणि परत नेल्यान!' 'कसले हे वैमानिक?' 'पैसे परत घ्या.' पुढारी पत्रक काढतात, कोणी काळे झेंडे दाखवायची भाषा करतो. विमानं वारंवार रद्द होतात, नियोजन नाही, उपकरणं नाहीत, यावर जरूर भांडा. मीही लिहितो. पण त्या दिवशी, त्या हवेत, न उतरण्याचा निर्णय घेणाऱ्या माणसाला शिव्या घालू नका.

पूर आलेल्या फरशी पुलावर एसटी थांबवणारा चालक आठवा. मागून निम्मी गाडी ओरडते, 'अरे जातली गाडी, घाल पुढे!' तो घालत नाही. तासभर सगळे त्याला बोलत राहतात. तो चालक कधी सत्कारात दिसला? सत्कार त्याचा होतो, ज्याने पाण्यातून गाडी काढली आणि जो नशिबाने वाचला. घाटात बोर्ड असतो, 'अति घाई संकटात नेई'. बोर्डाखालून जाताना आपणच ड्रायव्हरला म्हणतो, जरा दाब की.

हा फक्त आपला स्वभाव नाही, जगभरचा आहे. उड्डाण सुरक्षेवर काम करणाऱ्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं की विमान नीट जुळून येत नसताना, म्हणजे परत वर जायलाच हवं अशा स्थितीत, शंभरातले फक्त तीन वैमानिक वर जातात. सत्त्याण्णव उतरतात. बहुतेकदा काही होत नाही आणि म्हणूनच सवय लागते. 'काल जमलं होतं' हा सगळ्यात फसवा अनुभव. १ जुलै २०१९ ला मुंबईत मुसळधार पावसात जयपूरहून आलेलं विमान मुख्य धावपट्टी ओलांडून चिखलात गेलं. सुदैवाने सगळे वाचले. आपण त्याची चर्चा केली ती मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि विमानं रखडली म्हणून.

मग करायचं काय? वैमानिकांचं प्रशिक्षण आपण ठरवत नाही. पण तीन गोष्टी आपण मागू शकतो आणि त्या मागायला पायलट असावं लागत नाही.

एक. आपल्या खासदार-आमदारांना विचारा, पण 'मोठं विमान कधी?' आणि 'रात्रीचं लँडिंग कधी?' एवढंच विचारू नका. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना मोकळी जागा किती, पावसात पाणी साचतं का, रबराचे थर कधी काढले, खराब हवेत उतरायला मदत करणारी उपकरणं कधी बसणार, हे विचारा. करीपूरला जुलै २०१९ मध्ये भेगा, साचलेलं पाणी आणि रबराचे थर यावरून डीजीसीएने नोटीस दिलेली होती. प्रश्न कागदावर असतातच, ते विचारणारा लागतो.

दोन. अपघातानंतर येणाऱ्या शिफारशींची यादी दरवर्षी बाहेर काढा. किती झाल्या, किती राहिल्या, कोणाकडे अडल्या. आम्हा पत्रकारांचं ते कामच आहे आणि ते कंटाळवाणं आहे म्हणून सोडता येणार नाही.

तीन. धाकट्याचं ऐकायची सवय. ही विमानतळावर मिळत नाही, घरातूनच न्यावी लागते.

शेवटी करीपूरच्या माणसांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या रात्री कोविडचा कडक काळ होता, आजूबाजूचा भाग प्रतिबंधित. बाहेर पडलात तर दंड, जवळ गेलात तर आजार. तरी आवाज ऐकून कोंडोट्टी-करीपूरचे लोक पावसात धावले. मिळेल त्या गाडीत जखमींना घालून दवाखान्यात नेलं, तान्ह्या मुलांना छातीशी धरलं. रात्री रक्तपेढ्यांबाहेर रांगा लागल्या. नंतर हे लोक निमूट विलगीकरणात जाऊन बसले. वाचलेल्या प्रवाशांनी आणि गेलेल्यांच्या घरच्यांनी पुढे भरपाईतले पैसे काढून त्या गावच्या आरोग्य केंद्रासाठी इमारत बांधून द्यायचं ठरवलं. हिरो हवे असतील तर हे घ्या. यांच्याबद्दल खोटं काही रचावं लागत नाही.

आणि साठे यांनाही मान द्यायचा असेल तर त्या खोट्या मेसेजची गरज नाही. त्या माणसाने आयुष्यभर विमानं उडवली आणि त्या संध्याकाळी पहिल्या प्रयत्नात, वायपर बंद पडल्यावर, तो परत वर गेला होता. दुसऱ्या वेळीही परत जाणं सोपं वाटेल अशी व्यवस्था आपण त्याला दिली नव्हती. तशी व्यवस्था पुढच्या कॅप्टनला मिळावी, हा खरा मान.

परवा कधी तुमचं विमान ढगात शिरेल, खाली दिवे दिसायला लागतील आणि अचानक इंजिनं गर्जून ते पुन्हा वर जाईल. पोटात गोळा येईल. शेजारचा वैतागेल. उशीर होईल, गाडी चुकेल, कदाचित दुसऱ्याच शहरात रात्र काढावी लागेल. उतरताना दारापाशी कॅप्टन उभा असेल तर त्याला फक्त 'थँक यू' म्हणा. आणि सहवैमानिकालाही म्हणा. काय सांगावं, परत वर चला असं पहिल्यांदा तोच म्हणाला असेल.